राक्षसाचा डावा हात

शनिवारी सकाळी ती बाबांकडे पोचली तेव्हा बाबा राक्षसाला नखं लावत होते.

दार सताड उघडं होतं. अमोनियाचा वास दुसऱ्या मजल्यावरच नाकाला झोंबला, आणि तिला बरं वाटलं. वर्षातले दोन महिने बाबांच्या घराला हाच वास असायचा. कच्चं रबर बाटलीतून दुधासारखं ओतलं की त्यातला अमोनिया आधी बाहेर पडतो आणि जिन्याने खाली फिरायला जातो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी पहिली दोन वर्षं तक्रार केली. तिसऱ्या वर्षी बाबांनी त्यांना नाटकाची पहिल्या रांगेतली तिकिटं नेऊन दिली. राक्षस रंगमंचावरून हात लांब करून थेट त्यांच्या मांडीपर्यंत आला, काकू जिवाच्या आकांताने किंचाळल्या, आणि तेव्हापासून त्या स्वतःच विचारायच्या, “यंदा अजून वास कसा सुरू झाला नाही?”

“या, मुद्रितशोधक,” बाबा मान वर न करता म्हणाले. “वेळेवर आलात. सूर्य कुठे उगवलाय आज? ड्रायर धर.”

तिने पर्स खुर्चीवर टाकली आणि हेअर ड्रायर हातात घेतला. टेबलावर चिनी मातीचा हात मनगटावर उभा होता, बोटं वर करून, शपथ घेतल्यासारखा. बाबांनी एकतीस वर्षं हातमोज्यांच्या कारखान्यात काढली होती. तिथे असे शेकडो हात साखळीला उलटे टांगलेले असत आणि रबराच्या टाकीत बुडून वर येत. पुढे कारखान्याने नवे साचे घेतले, जुने भंगारात निघाले, तेव्हा बाबांनी त्यातून अकरा वाचवून घरी आणले. आठ उजवे आणि तीन डावे. डावे इतके कमी का, असं कोणी विचारलं की बाबा म्हणत, “चांगले होते तेवढेच उचलले. डावा म्हणून तडा गेलेला आणू काय?”

आताचा साचा डावा होता. त्यावर आता काही चिनी माती दिसत नव्हती. सहा थर रबर चढलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या थरामध्ये लोकरीचे धागे चिकटवले होते, त्या राक्षसाच्या शिरा. कातडीवर पुळ्या उठल्या होत्या, ते मोहरीचे दाणे. पातळ कागद फाडून, चुरगळून, दाबून सुरकुत्या आणल्या होत्या. नखं प्लॅस्टिकच्या बाटलीतून कापून मेणबत्तीवर वाकवलेली. बाबा करंगळीचं नख चिमट्यात धरून रबराच्या थेंबात बसवत होते आणि श्वास रोखून धरला होता, जणू दागिना घडवतायत.

“हे फार फिकं नाही झालं?” तिने वाटीतल्या शेवटच्या थराच्या रंगाकडे बघून विचारलं.

“ओलं रबर खोटं बोलतं. वाळू दे, मग बोल.”

“दरवर्षी तेच म्हणता.”

“दरवर्षी तूही तेच विचारतेस.” नख बसलं. बाबांनी श्वास सोडला. “पुस्तकं एवढी वाचलीस, पण रबर दोन छटा गडद वाळतं एवढं काही डोक्यात राहिलं नाही तुझ्या.”

“मी फक्त पावडर लावते, बाबा. रंग तुमचं खातं.”

“हो, माहितीये,” बाबा म्हणाले.

टेबलावर तिच्या बाजूला आणखी एक उजवा साचा ठेवलेला होता. धुऊन, पुसून, कोरा. त्याच्याशेजारी एक ब्रशही होता. असा एक साचा तिच्या बाजूला दरवर्षी असायचा. बाबा त्याबद्दल बोलत नसत आणि तीही बोलत नसे. ती त्याच्याशेजारी आपलं पुस्तक ठेवायची आणि ड्रायर चालू करायची.

दुपारपर्यंत सातवा थर वाळला. बाबांनी मनगटाकडून रबर सोडवायला घेतलं, तिने पावडर मारली, आणि हातमोजा आतला बाहेर होत साच्यावरून हळूहळू उतरला. मग पुन्हा उलटा करायचा, पुन्हा पावडर. हे काम चार हातांचं होतं. दोघांनी ते इतक्या वर्षांत इतक्यांदा केलं होतं की बोलावं लागत नसे. हातमोजा न्हाणीघरातल्या दांडीवर चिमटे लावून टांगला. शेजारी उजवा आधीच लटकत होता. उजवा गुरुवारी पूर्ण झाला होता, त्यात पाणी भरून गळती तपासून झाली होती, आणि त्याच्या मनगटाच्या आत बॉलपेनने ‘पास’ लिहिलेलं होतं.

“याला आज विश्रांती,” बाबा डाव्याकडे बघत म्हणाले. “उद्या पाणी भरू.”

“मी येते उद्या.”

“ये. आणि येताना ते तुझं जाडं पुस्तक आणू नकोस, टेबलावर जागा राहत नाही.”

ती हसत जिना उतरली. रस्त्यावर येऊन वर पाहिलं तर बाबा बाल्कनीत उभे होते आणि हाताची बोटं वाकडी करून, दात विचकून तिला राक्षसासारखा निरोप देत होते. समोरच्या बसथांब्यावरचे दोघे तिघे वर बघायला लागले. ती भराभर चालू लागली.

रविवारी सकाळी खालच्या काकूंचा फोन आला. वर्तमानपत्र अजून दाराशीच पडलंय, म्हणाल्या. तिच्याकडे किल्ली होती. बाबा अंथरुणात कुशीवर झोपले होते. डॉक्टर म्हणाले, पहाटे केव्हातरी. त्रास झाला नसेल, असंही म्हणाले.

त्यानंतरचा आठवडा माणसांचा होता. लोक येत होते, बसत होते, उठत होते. कारखान्यातले जुने कामगार आले. त्यातला एक, साखळीवरचा, तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, “तुमच्या वडिलांच्या हाताखालून गेलेला एकही माल परत आला नाही. एकतीस वर्षांत एक नाही.” ती मान हलवत राहिली. न्हाणीघरात जायचं झालं की दांडीवरचे ते दोन हात सगळ्यांना दिसायचे. काही दचकायचे. एक लांबची आत्या आत गेली ती तशीच बाहेर आली आणि म्हणाली, “अगं, ते काय टांगलंय!” आणि दादाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं. हसू आवरेना तेव्हा तो बाल्कनीत गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

दादा दुसऱ्या शहरातून आला होता. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. दहा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हाही तो असाच आला होता. सगळी कामं धडाधडा उरकली होती आणि मग कुठल्यातरी भलत्याच गोष्टीवर, तेव्हा आईच्या चष्म्याच्या डबीवर, अडून बसला होता.

नवव्या दिवशी नाटकमंडळीच्या वेशभूषेच्या बाई आल्या. गेली चौदा वर्षं बाबांनी त्यांना राक्षसाचे, हडळींचे, प्रेतांचे हात करून दिले होते. बाईंनी डोळे पुसले, मग पदर सारखा करत म्हणाल्या, “घाई नाही हं. पण खेळ शुक्रवारी आहे. बाह्या तर काकांनी मागेच दिल्यात. हातमोजे तेवढे… झाले असतील तर. नाहीतर आम्ही काहीतरी करू. दातांच्या डॉक्टरांना म्हणू, तुमचेच दवाखान्यातले घाला आणि वर रंग फासा.”

यंदाचा राक्षस दातांचे डॉक्टर करत होते.

“तयार आहेत की,” दादा म्हणाला. “न्हाणीघरातच आहेत. घेऊनच जा आज.”

“थांब,” ती म्हणाली. “डाव्यात पाणी भरायचं राहिलंय.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

“आता कोण पाणी भरतंय?” बाई हळूच म्हणाल्या. “मी काकांना पूर्वीपासून म्हणायचे, अहो, राक्षसाच्या हाताला भोक असलं तर प्रेक्षकाला कुठे दिसणार? तर ते मला म्हणायचे, हात राक्षसाचा असला तरी आत माणसाचाच जातो ना?”

“मग?” ती म्हणाली. “उद्या कळवते तुम्हाला.”

बाई गेल्यावर तिने बादली दांडीखाली सरकवली. डावा हातमोजा मनगटाशी उघडून धरला आणि मगाने पाणी ओतलं. एक मग, दोन, तीन. हात फुगत गेला. बोटं एकेक करून ताठ झाली, शिरा वर आल्या, हात जड होऊन दांडी किंचित वाकली. आता थांबायचं. बाबांचं थांबण्याचं माप होतं, चहा. चहा ठेवायचा, उकळायचा, गाळायचा, पिऊन कप विसळून ठेवायचा, आणि मग येऊन बघायचं. त्याआधी बघणं म्हणजे बाबांच्या भाषेत चोरून बघणं.

दोघांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा घेतला. कप विसळले. मग ती न्हाणीघरात गेली.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, त्यांच्या बेचक्यात एक थेंब होता.

“घाम असेल,” दादा मागून म्हणाला.

“राक्षसाला?”

“अगं, भरताना सांडलं असेल बाहेरून.”

तिने फडक्याने थेंब टिपला. दोघं बघत उभी राहिली. आधी काहीच नव्हतं. मग बेचक्यात काहीतरी चमकलं, गोल झालं, मोठं झालं, आणि बादलीत पडलं. टप्प असा आवाज झाला. ब्रश फिरवताना तिथे बुडबुडा राहिला असणार, टाचणीच्या टोकाएवढा. सात थरांतून आरपार.

“ठीक आहे,” दादा म्हणाला. “नाटकाला नाही द्यायचा. नको देऊ. आपण ठेवू. मी फ्रेम करून घेतो, काचेच्या पेटीत. बाबांचं शेवटचं काम आहे, चिमे.”

चिमी. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला या नावाने आता फक्त दादा हाक मारत होता.

तिने पाणी ओतून दिलं. हातमोजा झटकला, पुसला. मग बाहेरच्या खोलीत येऊन बाबांच्या खणातून कात्री काढली.

“काय करतेयस?”

“बाबा कापायचे.”

“कारखान्यात कापायचे!”

“घरातही कापायचे. तुला माहितीये.”

दादाला माहिती होतं.

ती नऊ वर्षांची असताना बाबांनी तिला पहिल्यांदा साचा दिला होता. सुट्टी होती. चार दिवस तिने खपून एक हिरवा हात केला. चेटकिणीचा. मधल्या बोटात अंगठी रंगवली होती, अंगठीत लाल खडा. तेव्हा नाटकमंडळी वगैरे काही नव्हती. शाळेतल्या वेषांतराच्या स्पर्धेत तो घालून जायचं होतं. पाचव्या दिवशी बाबांनी त्यात पाणी भरलं. अंगठ्याच्या टोकाशी थेंब आला. बाबांनी पाणी ओतलं, कात्री घेतली, आणि पाचही बोटं एकेक करून कापली. खच, खच, पाच वेळा. मग तिला म्हणाले, “पुन्हा कर.”

तिने पुन्हा केला नाही. आईने जेवायला हाका मारल्या, ती गेली नाही. दादाच्या कपाटातलं एक पुस्तक काढून ती पलंगाखाली जाऊन वाचत बसली, आणि ते संपल्यावर दुसरं काढलं. पुढे सगळे म्हणायचे की हिला वाचनाची गोडी उपजत आहे. तिला मात्र ठाऊक होतं कशी लागली ते.

“तेव्हा तू तीन दिवस जेवली नव्हतीस,” दादा म्हणाला.

“दोन.”

“मला बाबांचा इतका राग आला होता. आणि तू आता तेच करणार?”

तिने कात्री टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसली. “तुला बाबांनी कधी त्या सफाईवाल्याचं सांगितलं?”

“कुठला सफाईवाला?”

“कारखान्यातला. बाबा नवीन होते तेव्हा. नापास झालेले हातमोजे एका पिंपात टाकायचे, तसेच, न कापता. एका सफाईवाल्याने त्यातला एक उचलला. चांगला दिसतोय, म्हणाला. तो घालून त्याने तेजाबाची टाकी घासली. भोक दिसत नव्हतं. त्याची दोन बोटं गेली.” ती थांबली. “बाबा म्हणाले, नापास करून टाकणं पुरेसं नाही. पास दिसणारा नापास माल सगळ्यात वाईट. म्हणून त्यांनी कापायला सुरुवात केली. आधी कारखान्यात हसले लोक. मग नियमच झाला तो.”

“हे तुला केव्हा सांगितलं?”

“मी तीस वर्षांची असताना. असंच टेबलाशी. शिरा चिकटवत होते.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी ‘हं’ म्हणाले.”

बाबांनी ते सांगताना तिच्याकडे पाहिलं नव्हतं. लोकरीचा धागा बोटांवर बसवत होते, आणि गोष्ट संपल्यावर धाग्याचं टोक दाबत थोडा वेळ थांबले होते. तिला तेव्हाच कळलं होतं की हे आज कशासाठी सांगितलं गेलं. तिला काही म्हणायचंही होतं. पण इतक्या वर्षांचा रुसवा एका वाक्यात सोडायचा म्हणजे सोपं नव्हतं. ती ‘हं’ म्हणाली, ड्रायर चालू केला, आणि पुढे तेरा वर्षं दोघांनीही तो विषय काढला नाही.

दादाने टेबलापाशी येऊन हातमोजा मनगटाशी घट्ट ताणून धरला, तिला कापायला सोपं जावं म्हणून.

तिने कापला. सात थरांचं रबर जाड होतं, कात्रीला जोर लावावा लागला. पाच बोटं टेबलावर पडली.

“अंगठा मी घेतो,” दादा म्हणाला आणि तो अंगठा, नखासकट, सदऱ्याच्या खिशात घातला.

तिने छापखान्यात फोन करून चार दिवसांची रजा घेतली. साहेबांना वाटलं, बाबांमुळे. ते काही चूक नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तिने डावा साचा धुतला. बाटलीत रबर पुरेसं होतं. लोकर होती, मोहरी होती, कागद होते. फक्त रंगाचं प्रमाण कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते बाबांच्या डोळ्यांत होतं. मंगळवारी सकाळी तिने उजवा हातमोजा शेजारी ठेवला, थेंब थेंब रंग घातला, ढवळला, पुन्हा घातला, आणि वाटीतलं रबर उजव्या हाताशी अगदी हुबेहूब जुळलं तेव्हा समाधानाने तीन थर दिले. तिसरा थर वाळला आणि हात वांग्यासारखा काळपट दिसायला लागला.

ओलं रबर. दोन छटा. दरवर्षी ऐकलेलं.

“आता काय?” दादाने विचारलं.

“आता पुन्हा,” ती म्हणाली आणि सगळं सोलून काढलं. एक अख्खा दिवस गेला. पण गंमत अशी की तिला रडू आलं नाही. उलट तिला हसू येत होतं. बाबा समोर असते तर चिडवायला आठवडाभर पुरेल एवढा माल मिळाला असता त्यांना.

बुधवारी तिने रंग इतका फिका केला की दादा म्हणाला, “हा तर कावीळ झालेला राक्षस.” वाळल्यावर तो बरोबर जुळला. मग तिला आपोआप एकेक गोष्ट येत गेली. ब्रश बोटाच्या टोकाकडून मनगटाकडे ओढायचा, उलटा नाही. थर पातळ द्यायचा, दुसरा देण्याआधी पाठीवर बोट टेकवून बघायचं, चिकटत नाही ना. ड्रायर एका जागी धरायचा नाही. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे समोर बसवून शिकवलं नव्हतं. चौदा वर्षं ती शेजारच्या खुर्चीवर पुस्तक घेऊन बसली होती आणि तिला वाटत होतं की आपण वाचतोय.

एक गोष्ट मात्र तिने स्वतःची केली. प्रत्येक थर ओला असतानाच ती अंगठ्याच्या कडेने बोटांची चारही बेचकी दाबून घ्यायची, बुडबुडा असेल तर फुटावा म्हणून. बाबा असं करत नसत. बाबांची बोटं जाड होती, बेचक्यात शिरलीच नसती.

“झालं का गं चेटकिणी?” दादा मधूनमधून डोकावायचा. त्याचं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. ते त्याने कधी पुढे ढकललं, तिला कळलंही नाही. गुरुवारी सकाळी हातमोजा साच्यावरून काढताना तिने हाक मारली. दादाने पावडर इतकी उधळली की दोघं आणि अर्धी खोली पांढरी झाली.

“पावडर लावायची असते, पेरायची नसते,” ती म्हणाली.

“मला काय माहिती? हे तुमच्या दोघांचं खातं.”

दुपारी, विश्रांतीला अर्धा दिवसच मिळाला होता तरी, तिने पाणी भरलं. तीन मग, वर अर्धा. चहा ठेवला. उकळला, गाळला, प्यायला. कप विसळले. मग तिने पुन्हा आधण ठेवलं.

“दुसरा कप कशाला?” दादाने विचारलं.

“विश्रांती कमी मिळालीये त्याला. म्हणून.”

दुसरा चहाही झाला. ती न्हाणीघरात जाऊन उलट्या बादलीवर बसली आणि बोटं खालपासून वरपर्यंत वाचत गेली, जशी ती छापायला जाण्याआधीचं शेवटचं पान वाचते, शब्दन् शब्द, जणू पहिल्यांदाच. अंगठ्याचं टोक. पहिलं बेचकं. दुसरं. तिसरं. करंगळीजवळचं. मनगटाची कड. कोरडं. सगळं कोरडं.

“पास?” दादा दारातून म्हणाला.

“पास.”

त्याने बॉलपेन पुढे केलं. “बाबांसारखं अक्षर काढ. कळणार नाही कुणाला.”

“नाही,” ती म्हणाली, आणि मनगटाच्या आत आपल्या सरळ, टोकदार अक्षरात लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी दोघं नाट्यगृहाच्या मागच्या दाराने आत गेली. रंगपटात आरशांभोवती दिवे जळत होते, कुणी भुवया रंगवत होतं, कुणी रक्ताची बाटली शोधत होतं. दातांचे डॉक्टर बाह्या चढवून उभे होते. खांद्यापासून मनगटापर्यंत राक्षस आणि वर चष्मा लावलेला सभ्य चेहरा. वेशभूषेच्या बाईंनी हातमोजे दोन्ही तळव्यांवर घेतले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “बघा रे. काकांचं शेवटचं काम. असा हात आता पुन्हा होणार नाही.”

सगळे जवळ आले. कुणी नखाला बोट लावून बघितलं. कुणी म्हणालं, “शिरा बघ, शिरा!” दादाने तिच्याकडे पाहिलं. तिला हे ऐकायला छान वाटत होतं. बाबांबद्दल होतं ना सगळं. असू दे, तिने मनात म्हटलं.

डॉक्टरांनी उजवा घातला, मग डावा. मुठी वळल्या, उघडल्या, बोटं एकमेकांत गुंतवून बसवली. दिवसातून वीस वेळा हातमोजे घालणारा माणूस तो. त्यांनी पुन्हा एकदा बोटं फाकवली आणि भुवया उंचावल्या.

“हे दोन एका हाताचे नाहीत,” ते म्हणाले.

“म्हणजे काय?” बाई तडकल्या. “चौदा वर्षं मी काकांचं काम बघतेय.”

“वाईट नाही म्हणत हो मी. उजवा उत्तमच आहे. पण हा डावा बेचक्यात घट्ट बसलाय, बघा. आत हवा नाही अजिबात. कोणीतरी वेगळ्या पद्धतीने दाबलाय.”

बाई तिच्याकडे बघू लागल्या. पूर्वी कुणीही, कधीही, “तूही करतेस का गं?” असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असे. मी फक्त पावडर लावते.

“डावा माझा आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे रंग तुम्ही दिलात?” बाईंनी विचारलं.

“नाही. सगळाच. पहिल्या थरापासून.” तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ निघाला. “बाबांच्या डाव्यात पाणी भरायचं राहिलं होतं. मी भरलं. गळत होता. मी तो कापला आणि नवा केला.”

“काकांचा कापलात?” बाईंनी तोंडावर हात ठेवला. “त्यांचा शेवटचा?”

“त्यांनीही कापला असता. मी त्यांच्याकडेच शिकलेय.”

डॉक्टरांनी डावा हात दिव्याकडे धरला आणि कौतुकाने मान हलवली. बाहेर पहिली घंटा झाली. कुणी हललं नाही. तिला वाटलं, आता थांबावं, एवढं पुरे आहे. पण वाक्य तेरा वर्षं वाट बघत होतं आणि आता ते थांबायला तयार नव्हतं.

“मी नऊ वर्षांची होते तेव्हा बाबांनी माझा पहिला हातमोजा कापला,” ती म्हणाली. डॉक्टरांना नाही, बाईंना नाही, दादालाही नाही. “चार दिवस खपून केला होता मी. अंगठ्याला भोक होतं. मी त्यांना कधी सांगितलं नाही. बाबा, तुम्ही बरोबर केलंत. तुम्ही अगदी बरोबर केलंत.”